न सांगता दिलेलं औषध

वहिनी,

तुझ्या तेराव्याला जो आला त्याने मला एकच गोष्ट ऐकवली, की नणंदेसाठी एवढं कोण करतं. तुझ्या नांदेडच्या मावशीने ऐकवली, समोरच्या तेलुगू काकूंनी ऐकवली, दादाच्या कारखान्यातल्या लोकांनीही ऐकवली. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. ते खोटं नाहीच. पण त्यात सगळं मावत नाही, आणि जे उरतं ते तुझ्याशिवाय कुणाशी बोलण्यासारखं नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले.

नव्या वहिनीला अहोजाहो करायचं ही आईची शिस्त. तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिले काही महिने मी ती पाळली. मग आजारात मी तुला एकेरीवर येऊन शिव्या दिल्या, नको नको ते बोलले. बरी झाल्यावर पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागले तर तू म्हणालीस, आता मागे जाऊ नकोस, एवढ्या शिव्या खाऊन तेवढं एक तर मिळवलंय मी. तेव्हापासून तू 'तू'च राहिलीस.

नल्लकुंट्याच्या आपल्या गल्लीत केबल आली त्याच वर्षी मी आजारी पडले. आधी एकच चॅनल होतं, नंतर बटण दाबलं की माणसं बदलत, भाषा बदलत. घरात सगळे खूश होते. मला मात्र बातम्या देणारी बाई थेट माझ्याकडे बघून बोलताना दिसू लागली. ती तेलुगूत बातम्या देत असे आणि मला त्यात माझं नाव ऐकू येई. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आधी कॉलेज सुटलं, मग आंघोळ सुटली, मग झोप. आणि मग मला जेवणाची चव वेगळी लागायला लागली. वरणात काहीतरी आहे असं मी आईला सांगितलं. आईने माझ्यादेखत ते वरण खाल्लं, तरी मला पटलं नाही.

तू तेव्हा दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतीस. कुकटपल्लीत एका नव्या कंपनीत तुझं काम जवळजवळ ठरलं होतं. त्या सुमाराला शहरात रोज नवीन काहीतरी येत होतं, आणि त्यातलं थोडंसं आपल्याही वाट्याला यावं अशी तुझी इच्छा होती. ती मला कळत होती. आजारी माणसाला काही कळत नाही असं लोकांना वाटतं. पण मला सगळं दिसत होतं, फक्त प्रत्येक गोष्टीचा अर्थ भलताच लागत होता. तुझे नवे सँडल मला पळून जायच्या तयारीचे वाटले होते.

एका दुपारी मी घरातून निघून गेले आणि विद्यानगरच्या रेल्वे फाटकाशी सापडले. दादाने मला रिक्षात घालून आणलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या खोलीला बाहेरून कडी बसली. माझ्या भल्यासाठीच बसली. आतून मी दारावर हात आपटत असे आणि बाहेर आई रडत असे. ती पाण्याच्या टाकीजवळची खोली तुला आठवत असेल. उन्हाळ्यात तिथे श्वास कोंडे. गजांच्या खिडकीतून मला समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत, आणि ते कोणत्या क्रमाने टांगलेत यावरून माझ्याबद्दल काय ठरलंय ते मला समजे. निदान समजतंय असं वाटे.

गोळ्या मी थुंकत होते. गालात धरून ठेवायचे आणि नंतर खिडकीतून टाकायचे. म्हणून आपल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला थेंबांची बाटली दिली. रंग नाही, वास नाही, चव नाही. ताकात घाला, वरणात घाला, पेशंटला कळणार नाही, असं ते म्हणाले. आईचा हात थरथरायचा म्हणून ते काम तुझ्याकडे आलं.

वहिनी, यातलं बरंचसं मला तुझ्याच तोंडून कळलं, फार नंतर. पण मानेचं मला कुणी सांगावं लागलं नाही. एका सकाळी माझी मान एका बाजूला वळली आणि तशीच अडकली. जीभ बाहेर आली, जबडा मिटेना. आत बोलणारे आवाज सांगत होते की बघ, आम्ही तुझी मान पिरगाळू शकतो. तू मला दवाखान्यात नेलंस, डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि मान सुटली. येताना रिक्षात मी तुला विचारलं होतं, वहिनी, माझ्या जेवणात काय असतं? तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, "काही नाही गं." मान त्या थेंबांमुळेच वळली होती आणि ते तुला डॉक्टरांनी दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

माझं सगळं भांडण त्या 'काही नाही'शी आहे. माझ्या डोक्यात त्या काळात हजार खोट्या गोष्टी होत्या. एकच खरी होती, आणि तीच सगळे मिळून खोटी ठरवत होते.

औषधं बदलत गेली. थेंब चालूच राहिले, दुसऱ्या गोळ्या झाल्या, पंधरवड्याचं इंजेक्शन झालं, शॉकसुद्धा झाले. आवाज थोडे मागे सरत आणि परत येत. शरीर मात्र लाकडासारखं झालं. चालताना माझे हात हलत नसत. आईला वाटे मी शांत झाले. आधी मी बाहेरून कोंडलेली होते, आता आतूनही, एवढाच काय तो फरक पडला होता.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई नवीन आल्या होत्या. त्यांनी तुला पहिल्यांदा क्लोझापिनचं नाव सांगितलं. बाकीच्या औषधांना न बधणाऱ्या आजारात ते चालतं; पण लाखात नव्हे, शेकड्यांत एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने एकदम कमी होतात, आणि तसं झालं तर साधा तापही जीव घेऊ शकतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ऐकूनच मान हलवली. ते शेवटचं औषध आहे, ते म्हणाले, सगळं करून बघितल्यावर द्यायचं. मुलगी लहान आहे, एवढ्यात कशाला.

तेव्हा तू त्यांना जे विचारलंस ते डॉक्टरबाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. तू विचारलंस, "शेवट आला हे कोण ठरवणार? तिची बी.एस्सी. गेली, आता आणखी काय काय गेल्यावर शेवट म्हणायचं?"

म्हाताऱ्या डॉक्टरांना राग आला. तू उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलीस आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पण चिठ्ठीने काय होतंय? कोठीच्या सगळ्या औषधांच्या दुकानांतून तू फिरलीस. कुणी नावच ऐकलं नव्हतं, कुणी म्हणालं पुढच्या महिन्यात या. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली आणि म्हणाला, "ये यहाँ कोई नईं रखता, अम्मा. बम्बई में पूछो." तू एसटीडी बूथवरून मुंबईच्या तुझ्या मामेभावाला फोन केलास. परदेशी थंड पेयं गल्लीच्या टपरीवर मिळत होती, परदेशी गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, आणि ही गोळी मात्र या शहरात यायला तयार नव्हती. ती इथे मिळायला लागेपर्यंत माझं आणखी एक वर्ष त्या खोलीत गेलं. ते वर्ष कुणाच्या नावावर लिहायचं यावरून आपण दोघी नेहमी भांडत आलो.

गोळी मिळायला लागली तर घरात दादा आडवा आला. रक्त बिघडवणारं औषध माझ्या बहिणीला द्यायचं नाही, आहे तशी जिवंत तर आहे, असं तो म्हणाला. दादा घाबरला होता. त्याला मी दोष देत नाही. तू त्याच्याशी कित्येक दिवस बोलली नाहीस आणि शेवटी तो नुसताच गप्प झाला. त्यालाच तू होकार मानलंस.

मग डॉक्टरबाईंनी तुला खिंडीत गाठलं. त्या म्हणाल्या, हे औषध हिला न सांगता देता येणार नाही. ताकात थेंब घालता येतात, पण हात पुढे करून रक्त द्यायला तिला स्वतःच यावं लागेल, दर आठवड्याला. धरून बांधून किती वेळा आणाल? तिला सांगा.

तू वर आलीस ती दुपार मला लख्ख आठवते. कडी काढलीस, आत आलीस, पण रोजच्यासारखं ताट हातात नव्हतं. फरशीवर माझ्यासमोर मांडी घालून बसलीस. घामाने तुझं कुंकू ओघळलं होतं. मी भिंतीला टेकून आवाजांचं ऐकत होते. तू म्हणालीस, "नंदा, तुझ्या जेवणात काहीतरी असतं म्हणतेस ना, ते खरं आहे. मी घालते. औषध असतं."

तुला कधी सांगितलं नाही, वहिनी, पण आधी मला आनंद झाला. इतका आनंद, की मी टाळी वाजवली असती. मी खोटी नव्हते. माझ्या जिभेला कळलं होतं. मग हळूहळू दुसरी गोष्ट वर आली. म्हणजे दुसरं सगळंही खरं असणार. बातम्यांतली बाईही खरी, कपड्यांचा क्रमही खरा. तू एक खरं सांगितलंस आणि माझ्या हजार खोट्यांना त्याचा आधार मिळाला.

त्यानंतर मी तुझ्या हातचं खाणं सोडलं. न सोललेली केळी आणि टरफलातल्या शेंगा, एवढंच खायचे. आई म्हणाली, बघ, सांगून काय मिळवलंस. तू रॉकेलचा स्टोव्ह गच्चीवर आणलास, खोलीच्या दारात मांडलास, आणि माझ्यासमोर तांदूळ धुवून भात लावलास. तूही त्याच पातेल्यातून खाल्लंस. रोज. वर ऊन, खाली स्टोव्हचा जाळ. मी कितीतरी दिवस नुसती बघत होते. मग एकदा खाल्लं.

गोळीचं तू पुन्हा विचारलंस तेव्हा मी बरं व्हायचं म्हणून हो म्हटलं नव्हतं. मला मी आजारी वाटतच नव्हते. मी सौदा केला. म्हटलं, कडी काढा, मी हात देते. तू खाली गेलीस, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलीस आणि स्वतःच कडी उपटायला बसलीस. गंजलेले स्क्रू निघेनात. दादा जिन्यात उभा राहून ओरडत होता की ही रात्री निघून गेली तर जबाबदार कोण. तू मान वर न करता म्हणालीस, "मी." कडी निघाली आणि मी कुठेच गेले नाही. त्या वेळी पायात बळच नव्हतं, हे आपण दोघीच जाणतो.

मग रक्त सुरू झालं. दर गुरुवारी सकाळी तू मला बर्कतपुऱ्याच्या लॅबमध्ये न्यायचीस, रिपोर्ट हातात पडेपर्यंत बाकावर बसायचीस, तो डॉक्टरबाईंना दाखवायचीस आणि मगच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या मिळायच्या. पेशी जरा खाली आल्या की तुझा चेहरा उतरायचा. मला साधी शिंक आली तरी तू कपाळाला हात लावायचीस. कुकटपल्लीच्या त्या कंपनीत तू अखेर लागली होतीस, ती नोकरी तू तेव्हाच सोडलीस. गुरुवारी उशिरा येणं त्यांना चालेना. मला तू सांगितलंस की जायला फार लांब पडतं.

बरं होणं मला कळलंच नाही. फार हळू आलं ते. एका संध्याकाळी मी खाली येऊन टीव्हीसमोर बसले होते. बातम्या चालू होत्या. कुठल्या तरी धरणाचं, कुणाच्या तरी दौऱ्याचं ती बाई सांगत होती. मला कंटाळा आला. मी जांभई दिली आणि मग लक्षात आलं की ती माझ्याबद्दल एक अक्षरही बोललेली नाही. मी स्वयंपाकघरात येऊन तुला सांगितलं की बातम्या कंटाळवाण्या आहेत. तू पोळी लाटत होतीस. लाटणं तसंच धरून तू ओट्याला टेकलीस.

इथे गोष्ट संपायला हवी होती. तेराव्याला आलेल्या लोकांची गोष्ट इथेच संपते. पण नंतरचा कोंडमारा तू बघितलास. रात्रभर तोंडातून लाळ गळायची, सकाळी उशी ओली. सकाळ तर मला दिसायचीच नाही, इतकी झोप. वजन वाढून मीच मला ओळखू येईना. कुठे गावाला जायचं म्हटलं तर आधी रक्त आणि गोळ्या. दुकानात माल संपला की तुझी पळापळ. बरोबरीच्या मैत्रिणी अमेरिकेला गेल्या, आणि मी गल्लीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. मला गोळी सोडायची होती. तू म्हणायचीस, परत वरच्या खोलीत जायचंय का? मी म्हणायचे, धमकी देतेस? तू म्हणायचीस, भीती सांगते.

आणि फिरून फिरून आपण तिथेच यायचो. तू म्हणायचीस, पहिल्या वर्षातच हे औषध मिळालं असतं तर तू आज कुठल्या कुठे असतीस. मी म्हणायचे, पहिल्या वर्षातच तू खरं बोलली असतीस तर मी आज कुणावर तरी विश्वास ठेवू शकले असते. तू म्हणायचीस, थेंब दिले नसते तर तू गच्चीवरून उडी मारली असतीस. मी म्हणायचे, कदाचित. अजूनही ताट समोर आलं की पहिला घास मी जिभेवर धरून ठेवते. तुला ते दिसायचं आणि तू दुसरीकडे बघायचीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. दादाला डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं आणि दादाने घरी येऊन मला. तुला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. अल्सर म्हणायचं. मला हात जोडून म्हणाला, ती खचेल, नंदा, तिला काही कळू देऊ नकोस.

तू दवाखान्यात होतीस. दुपारी दादा जेवायला गेला होता आणि मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू छताकडे बघत विचारलंस, "मला काय झालंय गं? हे अल्सर म्हणतात."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हटलं, "कॅन्सर आहे. पसरलाय."

तू माझ्याकडे वळून बघितलंस. मला वाटलं तू माझा हात धरशील. तू म्हणालीस, "हे तू मला का सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून."

"मला ऐकायचंय का, ते आधी विचारायचं होतंस."

"वहिनी, तूही मला विचारायला हवं होतंस."

हे माझ्या तोंडून गेलं आणि परत घेता आलं नाही. घ्यायचं होतं की नाही तेही मला ठाऊक नाही. तू भिंतीकडे वळलीस. दादा आला तेव्हा तू त्याला हसून सांगितलंस की आज दुखणं कमी आहे, अल्सरचं औषध लागू पडतंय वाटतं. दादाचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून त्या खोलीत आपण तिघं होतो, तिघांनाही माहीत होतं, आणि तोंड उघडायची कुणालाच सोय नव्हती. तू दादाला कळू द्यायचं नाही म्हणून शेवटपर्यंत घरी गेल्यावर हे करू, ते करू म्हणत राहिलीस. दादा तुला कळू द्यायचं नाही म्हणून हो हो म्हणत राहिला. मी तुमच्या दोघांच्या मध्ये मोसंबी सोलत बसायचे. कधीतरी तुझी नजर माझ्याकडे वळायची आणि मी काही बोलेन की काय या भीतीने पुन्हा दूर जायची. मी बोलले नाही. आपलं ते बोलणं तिथेच अडकून राहिलं आणि तू गेलीस.

मला तुला सांगायचं होतं की तू भात लावायचीस ते दिवस मी विसरलेले नाही. आणि हेही, की मी तुला अजून माफ केलेलं नाही. दोन्ही एका वेळी खरं असतं, हे तुला चाललं असतं असं मला वाटतं.

काल पाहुणे गेले. दादा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. तुझ्या बरण्यांकडे बघत म्हणाला, "एक बरं झालं, नंदा. तिला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही मी. निर्धास्त गेली बिचारी." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

त्याची दाढी वाढलेली होती. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तुला त्या दुपारपासून सगळं माहीत होतं, आणि तू त्याच्यासाठी रोज नाटक करत होतीस, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर होतं. त्या रिक्षात तू रस्त्याकडे का बघत राहिलीस ते मला काल पहिल्यांदा कळलं. मीही त्याच्याकडे बघू शकले नाही.

मी हो म्हणाले.

पण म्हणून आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस, वहिनी.